बृहदांत्रातील पॉलिप व अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग
बृहदांत्राच्या श्लेष्मकलेपासून आतील पोकळीत वाढणाऱ्या गाठीस पॉलिप म्हणतात. काही प्रकारच्या पॉलिपांचे कालांतराने बृहदांत्राच्या कर्करोगात रूपांतर होते. अष्ठीला (प्रोस्टेट) ग्रंथीचा कर्करोग मात्र त्यांपासून उद्‌भवत नाही. दोन्ही विकार पन्नाशीनंतर अधिक आढळत असल्याने एकाच पुरुषात ते एकत्र दिसू शकतात. लिंच लक्षणसमूह या आनुवंशिक विकारात दोन्ही कर्करोगांचा धोका वाढतो. अहिल्यानगरलगतच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग-नोंदणीत हे कर्करोग स्वतंत्रपणे नोंदले जातात. सौम्य पॉलिपांची नोंद नसल्याने केवळ तीवरून असा संबंध तपासता येत नाही. दुर्बिणीने पॉलिप काढून टाकता येतो. परंतु त्या तपासणीने अष्ठीला ग्रंथी निर्दोष ठरत नाही. शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचेच, असे तपासणीवाचून मानणे धोक्याचे असते.