केर काढणारा रोबो आंधळा नसतो

रोबो सोफ्यावर आपटतो, वळतो, भलतीकडेच निघतो आणि बघणारा म्हणतो, "याला काही कळत नाही." या यंत्रावर सगळ्यात जास्त अन्याय करणारा गैरसमज हाच. आयरोबॉट या अमेरिकन कंपनीने 2002 मध्ये रूम्बा विकायला काढला, तेव्हा त्याच्याकडे घराचा नकाशा नव्हता हे खरं. पण तो मुद्दाम टाळला होता. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, रॉडनी ब्रुक्स, 1986 पासून मांडत होते की यंत्राने आधी जगाचं चित्र मनात रेखाटून मगच हलायला हवं असं नाही. साध्या प्रतिक्रिया एकावर एक रचल्या तरी काम होतं.

जोसेफ जोन्स आणि फिलिप मास यांच्या पेटंटमध्ये (अर्ज 2002, मंजुरी 2004) हे नीट दिसतं. रोबोच्या चाली तीन: एका जागेभोवती वर्तुळ वाढवत नेणं, भिंतीच्या कडेकडेने जाणं, आणि आपटल्यावर दिशा बदलून सरळ सुटणं. नुसतं आपटत राहिलं तर तो पलंगाखालच्या अडचणीतच घुटमळेल. नुसतं कडेने गेलं तर खोलीचा मध्य राहील. म्हणून तो चाली आलटून पालटून वापरतो, आणि पुरेसा वेळ दिला की बहुतेक फरशी एकाहून जास्त वेळा झाडली जाते. अवघ्या 199 डॉलरना यंत्र देता आलं ते अशा काटकसरीमुळे. त्याच सुमाराचा डायसन कंपनीचा डीसी06 हा रोबो सेन्सरांनी भरलेला होता. तो जड आणि महाग ठरला, विक्रीला आलाच नाही.

रूम्बा हा पहिला, हेही खरं नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने ट्रायलोबाइटचा नमुना 1996 मध्ये बीबीसीवर दाखवला आणि 2001 मध्ये तो विकायला आणला. तो अल्ट्रासाऊंडने अडथळे ओळखायचा.

आता नकाशावाल्या रोबोंबद्दलचा गैरसमज. नकाशा आहे म्हणजे कॅमेरा असणारच, असं अनेकांना वाटतं. नीटो या कंपनीच्या 2010 च्या रोबोवर फिरतं लेझर होतं: सेकंदाला सुमारे पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीत 360 ठिकाणचं अंतर. त्यात चित्र नसतं, नुसती अंतरं. म्हणून तो अंधारातही वाट काढतो, पण काचेच्या दारापाशी फसू शकतो, कारण किरण काचेतून आरपार जातात. खरी अवघड गोष्ट निराळीच. नकाशा काढायला आपण कुठे आहोत ते कळायला हवं, आणि ते कळायला नकाशा हवा! चाकांचे फेरे मोजावेत तर गालिच्यावर चाक घसरतं आणि चूक साठत जाते. ओळखीचा कोपरा पुन्हा दिसला की रोबो ती साठलेली चूक मागे जाऊन दुरुस्त करतो. या पद्धतीला स्लॅम म्हणतात. 2015 च्या रूम्बा 980 ने हेच कॅमेऱ्याने केलं. त्याला मात्र उजेड लागतो.

इंटरनेट गेलं की रोबो बंद पडतो, हा समजही सरसकट खरा नाही. भिंत चुकवण्याचा हिशोब सहसा यंत्रातच होतो; नेट लागतं ते मुख्यतः अ‍ॅपसाठी. कॅमेऱ्याबद्दलची धास्ती मात्र मी गैरसमजांत धरणार नाही. चाचणीच्या रूम्बांनी 2020 मध्ये टिपलेले घरांतले खासगी फोटो बाहेर फुटल्याचं एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने 2022 मध्ये उघड केलं. कॅमेरावाला रोबो घेताना फोटो कुठे जातात ते आधी विचारावंच.

राहिला जिना. रोबोच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात. फरशीवरून प्रकाश परत आला की पुढे जमीन आहे. नाही आला तर कडा आली, मागे फिरा. आपल्याकडच्या काळ्या कडाप्प्याच्या पट्टीवर कधीकधी तो उगाच थबकतो तो यामुळेच, काळा रंग प्रकाश शोषतो. यावर उपाय म्हणून काहीजण सेन्सरवर पांढरी चिकटपट्टी लावतात. घरात जिना असेल तर हे अजिबात करू नये. पट्टीवरून प्रकाश कायम परत येत राहतो आणि रोबो खरोखरच खाली कोसळतो.