कावळ्याचे दात

दासबोधाच्या पहिल्याच समासात श्रोते ग्रंथाचे नाव, त्यातला विषय आणि श्रवणाचे फळ आधी विचारून घेतात आणि मगच ऐकायला बसतात. मराठी वाचकाच्या हे इतके अंगवळणी पडले आहे की या प्रश्नामागे कित्येक शतकांचा वाद आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन सांगून टाकायचे, असा संस्कृत परंपरेचा दंडक होता. यातले प्रयोजन मराठीच्या विद्यार्थ्याला भेटते ते बहुधा परीक्षेत, मम्मटाची काव्यप्रयोजने लिहिताना. यश, धन, व्यवहारज्ञान अशी सहा कलमे उतरवली की सुटका. पण माणसाला कळते म्हणजे काय आणि कळलेले खरे कशावरून, याची छाननी करणाऱ्यांनी ‘ही छाननी तरी कशासाठी?’ असे स्वतःलाच विचारले, तेव्हा प्रकरण इतके सोपे राहिले नाही.

न्यायसूत्राच्या पहिल्या सूत्रात गौतमाने सोळा पदार्थ मोजले आहेत. प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर संशय येतो आणि त्याला लागूनच प्रयोजन. हा क्रम मला फार मार्मिक वाटतो. अंधूक उजेडात समोर दिसते ते खुंट की माणूस, हा नैयायिकांचा संशयाचा ठरलेला दाखला. पण त्या वाटेने जायचेच नसेल, तर खुंट असो नाहीतर माणूस, आपल्याला काय त्याचे? नुसत्या संशयाने कोणी शोधाला लागत नाही. काही मिळवायचे किंवा टाळायचे असावे लागते. भाष्यकार वात्स्यायन तर सगळे प्राणी, सगळी कर्मे आणि सगळ्या विद्या प्रयोजनाने व्यापल्या आहेत, असेच म्हणतो. पुढे मीमांसक कुमारिलाने मूर्खसुद्धा हेतूवाचून हलत नाही असे सुनावले, आणि ते वचन पुढे सुभाषितासारखे लोकांच्या तोंडी बसले.

इथवर कोणाचा वाद नव्हता. वाद पेटला तो बौद्धांच्या घरात. धर्मकीर्तीचा ‘न्यायबिंदु’ हा सम्यक् ज्ञानाविषयीचा छोटासा ग्रंथ. त्याचे पहिलेच वाक्य असे सांगते की माणसाला जे जे साधायचे असते ते खऱ्या ज्ञानानेच साधते, म्हणून ज्ञानाची चिकित्सा करायची. आठव्या शतकातला टीकाकार धर्मोत्तर या एका वाक्यावर ठाण मांडून बसला. कल्हणाच्या राजतरंगिणीत जयापीड राजाच्या काळी काश्मीरात आलेला जो आचार्य उल्लेखिला आहे, तो हाच असे अभ्यासक मानतात. त्याच्या टीकेची ताडपत्री पोथी खंबायतच्या शांतिनाथ जैन मंदिरात सापडली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक पीटर पीटरसन यांनी ती १८८९ साली कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका मालेत छापली. याच एल्फिन्स्टनमध्ये न्याय शिकवणारे भीमाचार्य झळकीकर ‘न्यायकोशा’चे कर्ते. त्यांचा कोश वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारला आणि १९२८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढला. तो हाताशी नसेल तर या भांडणातल्या निम्म्या संज्ञा आजही कळायच्या नाहीत.

धर्मोत्तराचे म्हणणे असे की प्रयोजन सांगितले नाही, तर वाचकाच्या मनात पाच शंका येऊ शकतात आणि त्यांतली एकही त्याला ग्रंथ मिटायला पुरेशी आहे. हा ग्रंथ कावळ्याचे दात तपासण्यासारखा निरर्थक असेल. किंवा तक्षक नागाच्या फण्यावरचे रत्न बांधा म्हणजे ताप उतरेल, अशा सल्ल्यासारखा असेल. उपाय आहे, पण आणणार कोण? किंवा मुलाला आईच्या लग्नाचे विधी शिकवावेत, तसे नकोसे काही साधणारा असेल. कदाचित त्याच कामाला याहून सोपा मार्ग असेल. नाहीतर हा ग्रंथ मुळात उपायच नसेल. तर्कशास्त्राच्या रूक्ष टीकेत आईचे लग्न काढणाऱ्या या माणसाला विनोदाचे अंग नव्हते असे कोण म्हणेल?

पण खरी मेख पुढे आहे. लेखकाने प्रयोजन सांगितले म्हणून ते खरे कशावरून? ग्रंथ वाचून झाल्याशिवाय त्याचा पडताळा घेता येत नाही, आणि पडताळा नसताना विश्वास ठेवायचा, तर प्रमाणशास्त्राच्या उंबऱ्यावरच प्रमाणाला रजा दिल्यासारखे झाले. धर्मोत्तर ही अडचण झाकत नाही. आरंभीच्या विधानाने निश्चय होत नाही, संशयच होतो, हे तो कबूल करतो. मात्र हा संशय काही हाती लागेल या बाजूचा आहे, आणि शहाण्या माणसाला पाऊल उचलायला तेवढा पुरतो. नुकसानीचा संशय त्याला थांबवतो, लाभाचा संशय चालवतो. या चर्चेत शेतकऱ्याचा दाखला येतो : पीक येईलच याची खात्री नसताना तो पेरतोच. टीकाकार गंमत म्हणून भलतेच सांगतील, पण शास्त्रकाराला आरंभीच खोटे बोलून काय मिळणार, अशीही पुस्ती धर्मोत्तर जोडतो. हे लिहिणारा स्वतः टीकाकार आहे, हे विसरू नये.

अर्चट या बौद्ध टीकाकाराला हे पटले नव्हते. संशयच हवा असेल तर तो न सांगताही येतो. मग विधानाचा उपयोग काय? त्याच्या मते आरंभीचे वाक्य वाचकाला ओढायला नसतेच. ‘या ग्रंथाला प्रयोजन नाही, सबब तो आरंभू नये’ असे म्हणणाऱ्या प्रतिपक्ष्याचे तोंड बंद करायला ते असते. यावर उत्तर आले की न सांगता येणारा संशय मोघम असतो. सांगितल्यावर तो या एका फळाविषयीचा, नेमका होतो. माझा कौल या उत्तराच्या बाजूने आहे. मोघम संशयाने माणूस कपाटासमोर उभा राहतो, नेमक्या संशयाने पुस्तक काढतो.

धर्मकीर्तीचे स्वतःचे धाडस याहून मोठे. ज्ञान प्रमाण केव्हा? दगा देत नाही तेव्हा. ज्यासाठी धावलो ते हाती येते तेव्हा. त्याचा दाखला असा : दोघांना दुरून प्रकाश दिसतो. एकाला दिसते ती रत्नाची प्रभा, दुसऱ्याला दिव्याची. दोघेही त्या प्रकाशालाच रत्न समजून धावतात. चूक दोघांचीही सारखी, पण रत्न पहिल्यालाच मिळते. अनुमान हे पहिल्या माणसासारखे, असे तो म्हणतो. ते ज्या सामान्य कल्पनांवर चालते त्या वस्तुरूप नाहीत, म्हणून काटेकोरपणे पाहता अनुमान भ्रांतच; तरी ते वस्तूपर्यंत पोचवते, म्हणून प्रमाण. हे नशीब नव्हे, कारण प्रभा रत्नातूनच निघालेली असते. ज्ञानाची शुद्धता आणि ज्ञानाचे साफल्य यांत फट पडू शकते, हे इतक्या थंडपणे मान्य करणारे तत्त्वज्ञ थोडेच.

ज्ञानाची अशीच छाननी करणारा जॉन लॉकचा मानवी आकलनावरचा ग्रंथ युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याचा उगम प्रस्तावनेत सांगितला आहे : पाचसहा मित्र त्याच्या खोलीत भलत्याच विषयावर बोलत बसले, गाडे अडले, आणि त्याला वाटले की आधी आपल्या बुद्धीची पोच तपासली पाहिजे. त्याचा खलाशी समुद्राचा सगळा तळ मोजत नाही; आपली दोरी किती लांब आहे, हे त्याला ठाऊक असले की भागते. पण लॉक आधी साधन पारखून मग कामाला लागू पाहतो. नैयायिकांना हा क्रम मान्य झाला नसता. प्रवृत्ती सफल झाली की प्रमाण खरे ठरते आणि प्रमाण असेल तरच प्रवृत्ती सफल होते, मग आधी कोण? त्यांच्यातला उद्द्योतकर सांगतो की हा संसार अनादि आहे, इथे पहिले कोणीच नाही.

राहिला वितंडवादी, जो स्वतः काहीच मांडत नाही आणि दुसऱ्याचे तेवढे खोडतो. वात्स्यायन त्याला कोंडीत पकडतो. तुझे प्रयोजन काय? सांगितलेस, तर तोच तुझा पक्ष झाला आणि तू वितंडवादी उरला नाहीस. नाकारलेस, तर तू ना व्यवहारातला माणूस, ना परीक्षक. ही कोंडी जयराशी भट्टावर लावून पाहावी. त्याच्या ‘तत्त्वोपप्लवसिंहा’ची ताडपत्री पोथी पाटणच्या भांडारात सापडली आणि १९४० साली पंडित सुखलालजी व रसिकलाल पारीख यांनी ती बडोद्याहून प्रसिद्ध केली. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द असे एकेक प्रमाण तो उखडत जातो. धर्मकीर्तीचेही ठेवत नाही, नैयायिकांचेही नाही. पण ग्रंथाच्या शेवटी तो दोन गोष्टी बोलून जातो. सगळी तत्त्वे कोसळली तरी रोजचे व्यवहार, फार चिकित्सा न करता, छान चालू राहतात. आणि आपले हे युक्तिवाद भल्याभल्या वादींना जिंकणारे आहेत.