वाटेवरची ओळख

बीड शहराला आगगाडी दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. जिल्ह्यातल्या परळीला ती कितीतरी आधीपासून होती. पण खुद्द बीडकराचा प्रवास म्हणजे एस.टी. त्या एस.टी.त प्रेम जुळते का, असे कुणी विचारले तर मी म्हणेन, आधी बसायला जागा तर मिळू द्या!

तरीही प्रवासातल्या प्रेमाची गोष्ट आम्हांला आवडतेच. म्हणून कॉलेजच्या मुलांना मी दोन चित्रपट दाखवले. पहिला सत्यजित राय यांचा बंगाली ‘नायक’, १९६६ सालचा. पारितोषिक घ्यायला दिल्लीला निघालेला नट उत्तमकुमार आणि स्त्रियांच्या मासिकाची संपादिका शर्मिला टागोर गाडीत भेटतात. जे कुणालाच सांगितले नाही ते तो तिला सांगतो. ती मुलाखतीची टिपणे फाडून टाकते. दिल्ली येते आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. प्रेम म्हणावे तर ते प्रेम नव्हे, आणि नव्हे म्हणायलाही जीभ रेटत नाही.

दुसरा आपला मराठी, सतीश राजवाडे यांचा २०१० सालचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’. मुक्ता बर्वेची मुंबईकर मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्याला येते आणि पत्ता विचारता विचारता स्वप्नील जोशीच्या पुणेकराबरोबर तिचा सारा दिवस जातो. शेवटी कळते की, जो नाकारायचा होता तो हाच! मुले खळखळून हसली. मीही मास्तरकी थाटात समजावू लागलो, ‘‘घरी आपण कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी सून असतो. वाटेवर आपण नुसते आपण असतो. म्हणून तिथे मने मोकळी होतात.’’

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, ‘‘सर, माझे आईबाबासुद्धा प्रवासातच पहिल्यांदा बोलले. लग्न झालं अन् चौथ्या दिवशी ट्रकमध्ये बसले, कारखान्याला जायला.’’

वर्ग एकदम शांत झाला. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती जोडीला. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर घाईने लग्ने लागतात, आणि पुष्कळदा नवरी अजाण वयाची असते. फडाच्या वाटेवर, पाचटाच्या खोपीत, त्यांतल्या कितीतरी जोड्यांची मने जुळतातही. त्या मुलीच्या आईबाबांची जुळली. बाबा पहाटे उठून आधी चूल पेटवतात, हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

‘‘मग चित्रपट आवडला की नाही?’’ मी विचारले.

‘‘आवडला, सर. पण त्या मुलीला नकार द्यायला जाता तरी आलं.’’

माझे व्याख्यान तिथेच संपले. इतक्यांदा पाहिलेल्या त्या चित्रपटातली ही गोष्ट मला कधी दिसलीच नव्हती. होकाराची गोडी नकाराची मुभा असल्यावरच लागते.

पुढे कळले की, त्या मुलीलाही स्थळ आले होते. आईने ते परत पाठवले. यंदाही आईबाबा उसाच्या फडावर जायचे आहेत. मुलगी मात्र गावी आजीजवळ राहणार आहे. परवा ती परीक्षेचा अर्ज घेऊन माझ्याकडे सहीला आली होती.