मुदतवाढ कुणाला, किती आणि कशाच्या बदल्यात?
हवा आणि कायदा : लेखांक ७

भुसावळजवळ दीपनगरला महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. गेल्या दशकाच्या सुरुवातीला ते उभे राहिले. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांसाठी नव्या मर्यादा जाहीर केल्या. त्यानुसार या वयाच्या आणि आकाराच्या संचांच्या चिमणीतून निघणाऱ्या दर घनमीटर वायूत सल्फर डायऑक्साइड २०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे ठरले. तयारीसाठी दोन वर्षे दिली होती. ती संपताच मुदत २०२२ पर्यंत गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडले आणि सर्वांत सैल अशा क गटाला २०२४ अखेरपर्यंत वेळ मिळाला. पुढच्या वर्षी तो २०२६ झाला, डिसेंबर २०२४ मध्ये २०२९ झाला आणि जुलै २०२५ मध्ये या गटाला सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतूनच सूट मिळाली. देशातली तीन चतुर्थांशाहून अधिक केंद्रे याच गटात आहेत. दोन वर्षांसाठी मागितलेली सवलत दहा वर्षांत कायमची कशी झाली, ते आज समजून घेऊ.

तात्पुरती सवलत ही मुळात वाईट गोष्ट नाही. यंत्र वेळेवर आले नाही, ठेकेदार सापडला नाही, बंद पडलेला भाग परदेशातून यायचा आहे, अशा वेळी संच बंद करून जिल्ह्याला अंधारात ठेवणे शहाणपणाचे नसते. प्रश्न सवलत कशी द्यायची याचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात यासाठी प्रत्येक विभागात सुनावणी मंडळ असते. कारखान्याला तिथे जाहीर सुनावणीत सिद्ध करावे लागते, की मर्यादा मोडली जात आहे ती आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने. उत्पादन कमी करून भागते का हे आपण तपासले आहे, हेही दाखवावे लागते. सवलतीच्या काळात जास्तीचे प्रदूषण शक्य तितके कमी ठेवू आणि ते मोजत राहू, असे मान्य करावे लागते. सवलत त्या एका कारखान्यापुरती असते आणि तिला शेवटची तारीख असते. आपल्याकडे शेकडो संचांना एका अधिसूचनेने एकदम मुदतवाढ मिळाली. प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेची निविदा काढलेले केंद्र आणि काहीच न केलेले केंद्र एकाच रांगेत बसले. ज्याने खर्च केला तो फसला, असा संदेश त्यातून गेला. मला हे सर्वांत घातक वाटते.

सूट योग्यच आहे, असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की आपल्या कोळशात गंधक कमी असते. हे खरे आहे. पण हिशेब करून पाहू. कोळशात गंधक ०.४ टक्के धरले, तर एक किलो कोळशात ४ ग्रॅम गंधक निघते आणि जळल्यावर त्याचे ८ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड होते. एक किलो कोळशामागे साधारण ६ घनमीटर वायू चिमणीतून जातो, म्हणजे दर घनमीटरला तेराशे मिलिग्रॅमच्या आसपास. मर्यादा २०० ची. गंधक ०.३ टक्के धरले तरी मर्यादेच्या पाचपट होते. कमी गंधकाचा कोळसा मर्यादा पाळायला पुरत नाही. फार तर धुराड्यातला वायू धुणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, थोडी लहान बसवता येईल.

दुसरा मुद्दा उंच चिमणीचा. २७५ मीटरवरून सोडलेला वायू पांगतो आणि जमिनीजवळच्या हवेत त्याचे प्रमाण ठरलेल्या पातळीच्या आत राहते. केंद्राच्या फाटकाशी मोजले तर हेही खरे ठरते. पण हवेत प्रवास करता करता या वायूपासून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि हेच कण छातीत खोलवर जातात. चिमणी तो वायू कमी करत नाही, फक्त लांब पोचवते. तिच्या पायथ्याशी तो सापडला नाही, यावरून तो कुणालाच लागला नाही असे म्हणता येत नाही.

पैशाचा आणि पाण्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे. यंत्रणेवर मोठा खर्च होतो, तो वीजबिलात उतरतो. चुनखडी लागते, पाणी लागते, आणि खानदेशात पाण्याचा प्रश्न हलका नाही. म्हणूनच प्रत्येक केंद्राचा स्वतंत्र विचार हवा होता; पाणी कमी लागणाऱ्या कोरड्या पद्धतीही आहेत. महाराष्ट्रातच डहाणूचे उदाहरण आहे. तिथल्या ५०० मेगावॉटच्या केंद्रासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने एफजीडीचा आग्रह धरला, टाळाटाळ होऊ नये म्हणून ३०० कोटींची बँक हमी मागितली, आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. तिथे समुद्राचे पाणी हाताशी होते, हे मान्य. पण काम झाले ते हमीमुळे. वेळ दिला, तर त्या बदल्यात काहीतरी अडकवून ठेवले.

आता दीपनगर क गटात कसे, ते पाहा. मोठ्या शहरांपासून, हवा बिघडलेल्या म्हणून नोंदलेल्या शहरांपासून किंवा अतिप्रदूषित क्षेत्रापासून दहा किलोमीटरच्या आत असलेली केंद्रे वरच्या गटांत जातात. जळगाव बिघडलेल्या हवेच्या यादीत आहे, पण ते दीपनगरपासून तीसेक किलोमीटरवर. भुसावळ शहर दहा किलोमीटरच्या आत आहे, पण ते यादीत नाही. यादीत येण्यासाठी वर्षानुवर्षे हवा मोजलेली असावी लागते. २०११ च्या जनगणनेत भुसावळची लोकसंख्या दोन लाखांच्या जवळ होती, रेल्वेचे एवढे मोठे जंक्शन इथे आहे, तरी गटवारीच्या हिशेबात हे शहर धरलेच गेले नाही. तेव्हा मागणी नेमकी असावी : दीपनगरची सूट स्वतंत्रपणे तपासा, तिची सुनावणी भुसावळलाच घ्या, चिमणीवरच्या मापन यंत्राचे आकडे रोज मराठीत लावा, आणि शहरात हवेचे मोजमाप सुरू करून त्या आकड्यांवर गट पुन्हा ठरवा.