कोळ्याचे डोळे ओळखा, मगच पंप उचला



भाताच्या खाचरात कोळी दिसला की पुष्कळजण त्याला कीड समजतात. पण कोळी पान खात नाही की पिकाचा रस शोषत नाही. तो किडी मारून खातो. असे राखणदार आपल्या शेतात किती आहेत, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळतं.

आपल्याला अन् बैलाला डोळे दोन. बहुतेक कोळ्यांना आठ, काही जातींना सहा. पण डोळे जास्त म्हणजे नजर तेज, असं समजू नका. जाळं विणणाऱ्या कोळ्याचे डोळे बारीक, त्याला फार कमी दिसतं. धागा हलला की शिकार अडकल्याचं त्याच्या पायांना कळतं. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन डोळे मात्र टपोरे. त्यांनी तो शिकार न्याहाळतो आणि बाकीच्या सहांनी आजूबाजूची हालचाल टिपतो.

भातातला आपला खरा मित्र लांडगा कोळी. तो जाळं न विणता चुडाच्या बुडाशी फिरून तुडतुडे धरतो. दिवसाला पाच ते पंधरा किडी फस्त करतो. त्याचे डोळे तीन रांगांत असतात : खाली चार बारीक, त्यावर दोन मोठे, मागे दोन मध्यम. मोठ्या डोळ्यांच्या आत गाईबैलांच्या डोळ्यांसारखा चकाकणारा पडदा असतो. म्हणून रात्री बॅटरीच्या उजेडात ते चमकतात.

मोजणी अशी करा :

१. अंधार पडल्यावर गमबूट घालून बांधावरून हळू चाला. विंचू-सापाकडे लक्ष ठेवा.

२. बॅटरी कपाळाशी धरा. कमरेशी धरली तर चमक दिसत नाही.

३. हिरवट ठिणगीसारखा ठिपका दिसला की जवळ जाऊन खात्री करा. दवाचा थेंबही चमकतो.

४. सकाळी चूड फाकवून बुडाशी तुडतुडे पाहा.

तुडतुडे थोडे अन् कोळी भरपूर असतील, तर फवारणीची घाई करू नका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहा. अवेळी फवारलेल्या औषधानं कोळी मरतात, पण तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात. ती फुटली की पिलांना खायला कोणी उरत नाही, अन् कीड पहिल्यापेक्षा जास्त वाढते. तुडतुडे वाढतच असतील, तर कृषी विभागाचा सल्ला घेऊनच औषध निवडा.

पंपाला हात घालण्याआधी एक रात्र बॅटरी घेऊन बांधावर जा. औषधाचा खर्च वाचेल, राखणदारही वाचतील.