हायड्रोजनची गाडी आणि आपली तयारी

फ्युएल सेलवर चालणाऱ्या हायड्रोजनच्या गाडीत इंधन जळत नाही. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन व हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज निर्माण होते आणि धुराऐवजी पाणी बाहेर पडते. मात्र हा वायू रंगहीन व गंधहीन असून त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. १० जून २०१९ रोजी नॉर्वेतील सँडविका येथे हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. उच्च दाबाच्या टाकीच्या बुचाचे बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. म्हणून पंप येण्याआधीच वस्तीने विचारावे: गळती ओळखणारे यंत्र आहे काय? अग्निशमन दलाकडे उष्णता दाखविणारा कॅमेरा आहे काय? विद्यार्थी मित्रहो, नव्या विज्ञानाचे आम्ही स्वागतच करतो. पण ते प्रश्न विचारून, समजून घेऊन केले पाहिजे, असे आम्हांस वाटते.