खाणींतला दिवा

जेथें एक ठिणगी पडली असतां शंभर माणसें मरण्याचें भय आहे, तेथें दिवा लावून काम कसें करावें? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडच्या ईशान्य भागांतील कोळशाच्या खाणींपुढें हा प्रश्न उभा होता. खाण जसजशी खोल जाई, तसतसा कोळशाच्या फटींतून एक वायु अधिकाधिक सुटे. त्याला रंग नाहीं आणि वासही नाहीं. खाणकामगार त्याला 'फायरडँप' म्हणत. रसायनशास्त्रांत त्याचें नांव मिथेन. हवेच्या मिश्रणांत तो शेंकडा ५ ते १५ या प्रमाणांत आला, कीं ज्योतीच्या स्पर्शानें स्फोट होतो. बरें, दिवा विझवावा, तर खाणींत डोळ्यांत बोट घातलें तरी दिसत नाहीं.

२५ मे १८१२ रोजीं न्यूकॅसलजवळील फेलिंग येथील खाणींत असा स्फोट होऊन ९२ जीव गेले. त्यांत कोवळ्या वयाचीं मुलेंही होतीं. तेथील धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनीं या दुर्घटनेची साद्यंत हकीकत छापून प्रसिद्ध केली. पुढें १८१३ मध्यें संडरलंड येथें खाणींतील अपघात टाळण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें आणि १८१५ मध्यें त्या मंडळाच्या वतीनें सर हंफ्री डेव्ही या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाला साकडें घालण्यांत आलें.

डेव्हीनें प्रथम दिव्याचा विचारच केला नाहीं. त्यानें वायूचा विचार केला. खाणींतला वायु बाटल्यांत भरून त्यानें लंडनला आणविला, आणि तो कोणत्या प्रमाणांत पेटतो, कशानें पेटतो व कशानें पेटत नाहीं, हें तपासलें. दोन गोष्टी त्याच्या ध्यानांत आल्या. एक अशी कीं, हा वायु पेटण्यास फार मोठी उष्णता लागते. नुसत्या लाल निखाऱ्यानें तो पेटत नाहीं. दुसरी अशी कीं, धातूच्या अरुंद नळींतून स्फोटाची ज्वाळा पलीकडे जात नाहीं. मग नळी जितकी अरुंद, तितकी तिची लांबी कमी असली तरी चालेल; आणि अशा असंख्य अरुंद, आंखूड नळ्या एकाशेजारीं एक मांडल्या, तर तीच तारेची जाळी होईल! या विचारसरणीनें डेव्ही १८१५ च्या अखेरीस जाळीच्या दिव्यापर्यंत पोंचला. या जाळींत एका इंचांत २८, म्हणजे चौरस इंचांत ७८४ छिद्रें असत. जानेवारी १८१६ मध्यें हेबर्नच्या खाणींत या दिव्याची परीक्षा झाली आणि तो उतरला. याच सुमारास संडरलंडचे डॉक्टर क्लॅनी आणि पुढें आगगाडीमुळें प्रसिद्धीस आलेला जॉर्ज स्टीफन्सन यांनींही आपापले दिवे सिद्ध केले होते. डेव्हीनें आपल्या दिव्याचें पेटंट मात्र घेतलें नाहीं.

जाळी ज्योतीला अडविते ती कशी? मेणबत्तीच्या ज्योतीवर बारीक तारेची चाळणी चिमट्यानें आडवी धरा. ज्योत चाळणीखालीं थबकते. वर नुसता धूर येतो. वर्गांत हा प्रयोग मीं अनेक वर्षें दाखवीत असें, आणि मुलें प्रथम हेंच म्हणत, कीं भोंकें लहान म्हणून ज्योत मावत नाहीं. परंतु ज्योत म्हणजे कांहीं गोटी नव्हे. ज्योत म्हणजे जळत असलेला वायु, आणि जळण्यास त्याला ठराविक तापमान लागतें. धातु उष्णतेचा उत्तम वाहक असल्यामुळें जाळीच्या तारा ज्योतीची उष्णता शोषून घेतात, चहूंकडे पसरवितात आणि भोंवतालच्या हवेला देऊन टाकतात. वायु भोंकांतून पार होतो खरा, पण होतां होतां इतका निवतो, कीं पलीकडे तो जळूं शकत नाहीं. भोंक लहान हवें तें यासाठीं, कीं वायूचा प्रत्येक कण तारेच्या निकट यावा.

या दिव्याचा आणखी एक गुण होता. खाणींत मिथेन वाढला कीं ज्योतीच्या माथ्यावर फिकट निळी टोपी दिसूं लागे. प्राणवायु कमी झाला कीं ज्योत मंदावे. म्हणजे दिवा वाट दाखवी आणि धोक्याची सूचनाही देई.

येथवरची कथा सुखाची आहे. पुढची कथा तितकीच ऐकण्यासारखी आहे. १८३५ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीनें हिशेब मांडला. दिवा येण्यापूर्वींच्या १८ वर्षांत डरहॅम आणि नॉर्दंबरलंड या परगण्यांत ४४७ माणसें खाणींतील अपघातांत मेलीं होतीं. दिवा आल्यानंतरच्या १८ वर्षांत ५३८ मेलीं. त्याच वर्षीं वॉल्सेंडच्या खाणींत एका स्फोटांत १०२ बळी गेले.

मग दिव्यानें माणसें मारलीं असें म्हणावयाचें काय? कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली, म्हणून कावळ्याच्या भारानें फांदी मोडली असें ठरत नाहीं. या १८ वर्षांत कोळशाचें उत्पादन वाढलें, राबणारे हातही वाढले. तेव्हां नुसत्या मृत्यूंच्या बेरजेवरून निर्णय देतां येणार नाहीं. परंतु दिवा अगदीं निर्दोष सुटतो असेंही नव्हे. ज्या खाणी भयंकर म्हणून सोडून दिल्या होत्या, त्या 'आतां दिवा आहे' या भरंवशावर पुन्हां उघडल्या गेल्या. कित्येक ठिकाणीं हवा खेळती ठेवण्याच्या खर्चांत काटकसर झाली. जाळीमुळें उजेड अंधुक पडे, म्हणून कामगार जाळी काढून काम करीत. जाळी गंजली, एक तार तुटली, कीं तेवढें भोंक पुरे होई. आणि वाऱ्याचा झोत जोराचा असला, तर ज्योत जाळीला सारखी टेकून तिला लाल करी व जाळीतून बाहेर पडे.

आपल्या नैयायिकांनीं ही तर्कातली चूक फार पूर्वीं ओळखली होती. 'जेथें धूर तेथें अग्नि' हें खरें. पण 'जेथें अग्नि तेथें धूर' हें खरें नव्हे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर निघण्यास ओलें सरपण लागतें. या छुप्या अटीला त्यांनीं 'उपाधि' हें नांव दिलें. डेव्हीच्या जाळीलाही उपाधि होती: हवा संथ असावी, जाळी अभंग असावी. प्रयोगशाळेंत ती अट आपोआप पाळली जात होती. खाणींत ती कोणी पाळावयाची, हें कोणी विचारलें नाहीं. पुढें बेल्जममधील म्यूसेलर, फ्रान्समधील मार्सो इत्यादिकांनीं कांचेची चिमणी, दुहेरी-तिहेरी जाळी आणि वाऱ्याला आड करणारें लोखंडी कवच घालून दिवा सुधारला, तो याच अटी एकेक करून दिव्यांत बांधून घेण्यासाठीं. त्यानंतर उजेडाचें काम विजेच्या दिव्यानें आपल्याकडे घेतलें.

शरीराचा विचार तर आणखी पुढचा. १८९६ मध्यें जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञानें दाखवून दिलें, कीं खाणींतील स्फोटांत मरणारांपैकीं बहुतेकांना ज्वाळा नव्हे, तर स्फोटानंतर उरणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु मारतो. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहावयाचा, त्यालाच हा चिकटून बसतो. याही वायूला रंग-वास नाहीं. म्हणून त्यानें खाणींत कॅनरी पक्षी नेण्याचा सल्ला दिला. माणसाच्या आधीं तो पक्षी ढासळे.

हा वायु आज आपल्या घरांतही येऊं शकतो, म्हणून हें सारें सांगितलें. न्हाणीघरांत गॅसवर पाणी तापविण्याचें यंत्र असतें. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी कळ त्यांत असते, आणि यंत्र 'सुरक्षित' आहे असें आपण म्हणतों. तें सुरक्षित आहे, पण कशापासून? न जळलेल्या गॅसच्या गळतीपासून. दार-खिडकी बंद करून स्नान चालू असतां प्राणवायु कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊं लागला, तर ती कळ बिचारी कांहींच करीत नाहीं. कारण ज्योत विझलेली नसते. असे मृत्यु आपल्या शहरांतून घडले आहेत. तेव्हां हें यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत बसवावें, त्याचा धूर बाहेर जाण्यास वाट असावी, आणि स्नान करतांना डोकें जड झालें वा मळमळलें, तर तत्काळ बाहेर यावें.

'हें सुरक्षित आहे' असें कोणी म्हटलें, म्हणजे 'कशापासून?' आणि 'कोणत्या अटीवर?' हे दोन प्रश्न विचारण्याची संवय आपण घरांतल्या मुलांना लावूं या.